फवारणीच्या वहीचं मागचं पान

मणेराजुरी. प्लॉट नंबर दोन, सुपर सोनाका.
रकाने: तारीख, औषध, प्रमाण, हवामान, शेरा.
एक्स्पोर्टची वही मीच भरते,
ह्यांचं अक्षर साहेबांना लागत नाही.

मागच्या पानावर मात्र
सन्मतीनं मुर्सियाहून फोनवर सांगितलेले शब्द.
वर्षभरात चार.
तीही तिथं द्राक्षांतच, रोपवाटिकेत.
जिथं जाऊ तिथं मांडवच आमच्या नशिबी.

बेरानो. उन्हाळा.
लिहिताना व, म्हणताना ब.
मी वैराण ऐकलं,
म्हटलं, बरोबर आहे, यात शिकायचं काय?
एप्रिल छाटणी झालेली, डोळे फुगायला पाणी नाही,
टँकरचा पाइप सरीसरीतून ओढत
तिची चुलती शिव्या देत होती,
त्या मी तिला ऐकवल्या.
शब्दाला शब्द.

इन्बिएर्नो डिसेंबरात आला.
"हिवाळ्यात इथं वेली झोपतात, आई.
एक पान नाही. नुसती लाकडं."
झोपतात? किती दिवस?
"तीन-चार महिने."
मी बॅटरी घेऊन बागेत, पहाटेचे पाच. तिच्याकडं मध्यरात्र.
धुकं उतरलेलं, मणी पाणी धरायच्या बेतात,
दावण्या आला का भुरी, पानं उलटून बघत होते.
अकरा वर्षांची बाग ही.
छाटली की फुटते, पुन्हा छाटली की पुन्हा फुटते,
हिला कुणी सांगितलंच नाही
की झोपायचंही असतं.
फोन ठेवून खोडावरून हात फिरवला.
साल सुटून हातात आली.

प्रिमाबेरा जिभेवर बसेना.
चार तुकडे करून दिले तिनं.
बेदाण्याच्या शेडला जाळी बांधताना घोकत राहिले.
मुलाण्यांची शमा म्हणाली, कोण हो ही? पाहुणी?
वसंत, म्हटलं.
ती म्हणाली, मग सरळ वसंत म्हणा की,
आमच्या ट्रॅक्टरवाल्याचं नाव आहे.
तिकडं प्रिमाबेरात छाटल्या काडीतून पाणी ठिबकतं,
वेल रडते, असंच म्हणतात म्हणे तिथंही.
हे मी दोनदा विचारून घेतलं.

आणि पावसाळा गं? तो राहिला की.
"तो नाही, आई."
नाही म्हणजे?
"पावसाला शब्द आहे. ऋतू नाही."
मी एक ओळ आखून ठेवली, मोकळी.

शेवटचा शब्द लिहिता येईना.
न वर एक नागमोडी रेघ, बाळीसारखी.
बाळी आम्ही खुडून टाकतो, ही खुडायची नाही.
न्य लिहिलं, खोडलं. न्न लिहिलं, तेही खोडलं.
मग आठवला ञ.
शाळेतल्या तक्त्यावर च चमच्याचा, ज जहाजाचा,
ञ ची चौकट रिकामी,
बाई छडी त्याच्यावरून तशीच पुढं न्यायच्या.
चाळीस वर्षं बसून होता बिचारा,
त्याला आज काम लागलं.

ओतोञो.
"पानं पिवळी होतात, मग तांबडी,
मग आपली आपण पडतात."
आपली आपण?
आमच्याकडं पाडावी लागतात,
छाटणीआधी पंधरा दिवस, औषध मारून.
तिकडं पान पडतं
त्याच आठवड्यात इकडं डोळा फुटतो.
येशील कधी, विचारलं, तर म्हणाली, ओतोञोत.
कुणाच्या?
रेंज गेली.

मग मीच सप्टेंबरच्या पानावर लिहून टाकलं,
बावीस तारखेसमोर, रकाना बघितला नाही.

तपासणीला आलेले साहेब बोट ठेवून थांबले.
"हे ओतोञो कुठलं? डबा दाखवा, बिल दाखवा."
म्हटलं, मारलेलं नाही अजून. यायचंय.
त्यांनी चहा संपवला,
लाल पेनानं शेरा लिहिला:
प्रमाण नमूद नाही.